लाओसबाईंचा अभिप्राय

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून मी चिठ्ठी काढली आणि मला लाओस मिळाला. मला खरं तर काहीच नको होतं. दिवसभर बँकेत मान मोडून काम करायचं आणि मंगळवारी संध्याकाळी टॅम्पिनीसला घरी जाऊन आडवं व्हायचं सोडून इथे येऊन बसायचं, हे मी करत होते ते केवळ आमच्या साहेबांनी "जरा जगाचं भान येऊ द्या" म्हटल्यामुळे. जगाचं भान म्हणजे चार नकाशे आणि थोडा इतिहास, अशी माझी समजूत. पण डबा पोटाशी धरून उभ्या असलेल्या सरांनी माझी चिठ्ठी वाचली, हजेरीपटावरचं आडनाव पाहिलं आणि सगळ्या वर्गासमोर खुशाल मराठीत म्हणाले, "वा, लाओसबाई! चहूबाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. हाल आहेत तुमचे."

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. सिंगापुरातल्या एका लहानशा संस्थेत नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालायचे, त्यात सर 'आंतरराष्ट्रीय संबंधांची मूलतत्त्वं' शिकवायचे. मूळचे मिरजेचे. अंगाने किडकिडीत. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना अंगात त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, कारण वर्गातला एसी. आम्ही विद्यार्थी अकरा. डब्यातल्या चिठ्ठ्याही अकरा, याच भागातल्या देशांच्या. त्यात सिंगापूर नव्हतं. कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "ते तुम्हाला रोज मिळतंच की."

पुढचे तेरा आठवडे आपापला देश सांभाळायचा, एवढाच अभ्यासक्रम होता. खुर्च्या नकाशाप्रमाणे मांडलेल्या. माझ्या एका बाजूला थायलंड, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक धिप्पाड कॅप्टन. दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम, म्हणजे शाळेतल्या एक अतिशय शिस्तीच्या बाई. पुढे चीन. मागे कंबोडिया. मला पाणी प्यायला बाहेर जायचं तर कुणाची तरी परवानगी काढावी लागे.

"थायलंड, जरा जाऊ द्या."

"व्हाय लाह? यू जस्ट वेंट," कॅप्टन मांडी न हलवता सिंगापुरी इंग्रजीत म्हणत.

मी सरांकडे बघायची. सर खिडकीबाहेर बघायचे. हीच त्यांची पहिली आणि शेवटची शिकवण होती. देशांच्या वर सरकार नसतं, तक्रार न्यायची तर नेणार कुठे? म्हणून वर्गात शिक्षकाची खुर्ची होती तिच्यावर ते कधीही बसले नाहीत, तिच्यावर पिशवी ठेवायचे आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहायचे. भांडण घेऊन कुणी गेलं की बोट छताकडे करून इंग्रजीत सांगायचे, आणि मला वेगळं मराठीत, "माझ्याकडे काय बघता? वर कोणी नाही."

शेवटी मी कॅप्टनशी करार केला. जाताना एक आलेपाकाची वडी, येताना एक. कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. पुढे एकदा मला खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कॅप्टन वडीबिडी न मागता ताडकन उठले आणि खुर्चीसकट बाजूला झाले. सरांनी खिशातली वही काढून त्यात काहीतरी टिपलं. आम्ही एकमेकांशी नीट वागलो की त्यांना का कोण जाणे फार आनंद व्हायचा, पण तो लपवायची धडपडही तेवढीच असायची.

एसीचा रिमोट चीनच्या टेबलावर असे. त्या गृहस्थांना सदा उकडायचं. आम्ही कुडकुडणाऱ्या चार देशांनी आघाडी केली, मागण्यांचा कागद काढला, आणि सत्तेचा समतोल म्हणजे काय ते आता दाखवतोच म्हणून पुढच्या मंगळवारी आलो. बघतो तर आमच्या आघाडीतला ब्रह्मदेश चीनने दिलेलं जाकीट घालून आरामात बसला होता. सर इतके हसले की त्यांना भिंत सोडून खाली बसावं लागलं.

पण खरी गंमत अकराव्या चिठ्ठीची. ती कोरी होती. ती आली तुआसच्या एका कारखान्यातल्या तमिळ इंजिनिअरला. शांत, लाजरा माणूस. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि चूक झाली असावी म्हणून परत द्यायला गेला. सर म्हणाले, "चूक नाही. तुझ्याकडे जमीन आहे, माणसं आहेत, झेंडाही आहे. फक्त तू देश आहेस असं अजून कुणी म्हटलेलं नाही. हे दहा जण म्हणतील तेव्हा तुझी हजेरी लागेल."

बिचारा तीन आठवडे वर्गात नव्हता. म्हणजे रोज वेळेवर येऊन बसत होता, पण नव्हता. चौथ्या आठवड्यात तो ऊन ऊन करी पफ घेऊन आला आणि पहिल्यांदा कॅप्टननी त्याला मान्यता दिली. मग हळूहळू सगळ्यांनी. मी सर्वांत शेवटी, कारण व्हिएतनामबाई काय करतात ते मी बघत होते आणि त्या मी काय करते ते. बँकेतली सवय. त्याची हजेरी लागली त्या दिवशी त्याने उभं राहून सगळ्यांचे आभार मानले आणि मला स्वतःचीच जरा शरम वाटली.

सार्वभौमत्व शिकवायला सर आम्हाला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, घेऊन गेले. भर गर्दीची वेळ, ताटं घेऊन माणसं जागेसाठी घिरट्या घालतायत, आणि एका रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं एक चिमुकलं पाकीट. इथल्या रिवाजाप्रमाणे ते टेबल धरलेलं, इथल्या बोलीत 'चोप' केलेलं. सर कॅप्टनना म्हणाले, "बसा तिथे."

"कॅनॉट. समवन चोप ऑलरेडी."

"पोलीस आहे का इथे?"

"नो."

"पाकीट तुम्हाला मारेल?"

"नो, लाह!"

"मग का बसत नाही?"

कॅप्टन घुटमळले. सैन्यात उभी हयात घालवलेला माणूस त्या पाकिटाला ओलांडू शकत नव्हता. सर खुशीत येऊन सांगू लागले की सीमा म्हणजे हीच, सगळ्यांनी मानली म्हणून असलेली. हे सांगताना त्यांनी आमच्यासाठी धरलेल्या टेबलावर स्वतःचं पाकीट ठेवलं होतं. मागून सफाईवाल्या आजीबाई आल्या, त्यांनी फडकं मारलं, पाकीट कचऱ्यात टाकलं आणि एक कुटुंब तिथे जेवायलाही बसलं. आम्ही अकरा देश आणि आमचे सर, सगळे उभ्याने जेवलो.

त्यांचा एक शब्दप्रयोग होता, 'तत्त्वतः मान्य'. कुणीही काहीही विचारलं की हेच उत्तर. चहा घेणार का? तत्त्वतः मान्य. याचा अर्थ चहा ते घेणार नाहीत, पण नको म्हणून तुम्हाला दुखवणारही नाहीत. "आमच्या लग्नातसुद्धा यांनी असाच होकार दिला होता," काकू म्हणायच्या. "माझ्या वडिलांनी सही घेतली म्हणून बरं."

काकूंची ओळख झाली ती चोआ चू कांग भागातल्या सरांच्या घरी. एका रविवारी त्यांनी मला पोह्यांना बोलावलं. चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडले तर कॉरिडॉरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. इकडून कुंड्या, तिकडून कुंड्या, मध्ये एक चिंचोळी वाट. सरांनी मला दारातच उभं करून युद्धाचा इतिहास सांगितला. आधी त्यांनी कढीपत्त्याची एक कुंडी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चिनी मावशींनी मिरचीची ठेवली, तीही यांच्या दाराकडे हातभर सरकवून. म्हणून यांनी तुळस ठेवली. त्यांनी नववर्षाचं छोट्या संत्र्यांचं झाड आणलं. यांनी गवती चहा.

"आता बघा," सर म्हणाले, "तिला वाटतं मी जागा बळकावतोय, मला वाटतं ती बळकावतेय. दोघंही फक्त आपापलं दार सांभाळतोय. याला सुरक्षेचा पेच म्हणतात."

"मग सर, तुम्ही थांबा ना."

"आणि मी थांबलो नि ती नाही थांबली तर?"

आतून काकूंचा आवाज आला, "वर्गात शिकवता ते घरी करून दाखवायची काही गरज नाही!" आणि त्या पोह्यांची बशी घेऊन आमच्यासमोरून तरातरा शेजारी गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या, हातात मूठभर मिरच्या. शेजारच्या मावशीही मागोमाग दारात आल्या आणि सरांकडे बघून गोड हसल्या.

"आय सी यू लाइक प्लँट सो मच, सो आय ऑल्सो पुट, लाह. कीप यू कंपनी."

त्या माऊलीला युद्ध सुरू असल्याचा पत्ताच नव्हता. यांना झाडं आवडतात, म्हणून सोबतीला आपलीही ठेवू, एवढंच तिच्या मनात. 

त्याच दिवशी सर खाली दूध आणायला गेले असताना काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. "तुला एक सांगते. त्यांना सांगायला लाज वाटते, मला नाही वाटत." मग त्यांनी सगळं सांगितलं. सरांची नोकरी एकेका सत्राच्या करारावर होती. सत्र संपलं की विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटरवर अभिप्रायाचा फॉर्म भरायचा. निम्म्याहून कमी फॉर्म आले तर करार तिथेच संपणार, असा त्या संस्थेचा नियम. मग इथे राहायचा पासही संपणार आणि महिनाभरात गाशा गुंडाळायचा.

"मिरजेला वीस वर्षं यांनी दीडशे पोरांना नोट्स सांगितल्या गं. पोरं उतरवून घ्यायची, हे सांगायचे. घरी येऊन गप्प बसायचे. हा देश-देशचा खेळ त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होता, पण कोण करू देणार? इथे पहिल्यांदा मनासारखा वर्ग मिळालाय. त्या डब्यावर झाकण नीट बसत नाही म्हणून रबर लावून झोपतात." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेवढे फॉर्म भरा बाई सगळ्यांनी."

"काकू, हे काय सांगणं झालं?" मी म्हणाले, आणि ते मी मनापासून म्हणाले होते.

शेवटून दुसऱ्या मंगळवारी सरांनी जे शिकवलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. सगळ्यांना हवी असलेली गोष्ट बहुधा कुणीच करत नाही, ते म्हणाले. स्वच्छ हवा सगळ्यांना हवी, पण प्रत्येक देश म्हणतो, दुसरे करतीलच, माझ्या एकट्याच्या करण्याने काय अडलंय. आम्ही माना डोलावल्या. व्हिएतनामबाईंनी तर पट्टीने रेघ मारून खाली तारीखही घातली.

त्यानंतर फॉर्म उघडला आणि तो भरायला दोन आठवडे होते. शुक्रवारी पाचला बंद होणार. मी पहिल्याच दिवशी उघडून बसले. नऊ प्रश्नांना एक ते पाच आकड्यांवर टिचकी मारायची होती, दहाव्याला मोकळा चौकोन, 'इतर काही सांगायचे असल्यास'. नऊ प्रश्न मिनिटभरात झाले. दहाव्याला मी लिहिलं, 'शिकवणं चांगलं होतं', आणि पुसलं. एवढ्या माणसाबद्दल एवढंसं? शांतपणे, चांगलं लिहू. मग मनात आलं, मी मराठी, सर मराठी. आपल्याच माणसाने आपल्या माणसाची वाहवा केली असं दिसेल, उलट त्यांनाच अडचण व्हायची. आधी दुसऱ्यांचे फॉर्म जाऊ देत. व्हिएतनामबाई तर भरणारच, त्या कसलाही फॉर्म भरतात. कॅप्टनना तर हुकूम म्हटलं की पुरे. शुक्रवारी पाच वाजता मी बँकेच्या मीटिंगमध्ये होते. घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वापाच झाले होते. माझा एक राहिला तर काय होणार आहे, असं स्वतःला सांगून मी कॉफी आणायला गेले.

अकरापैकी एक फॉर्म आला. तुआसच्या त्या इंजिनिअरचा, ज्याची चिठ्ठी कोरी होती.

पुढच्या मंगळवारी निकालाचे कागद न्यायला सगळे जमले तेव्हा हे कळलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. कॅप्टनना वाटलं होतं, शाळेच्या बाई आहेत. बाईंना वाटलं होतं, कॅप्टन आहेत, शिवाय लाओसबाई तर सरांच्या गावच्याच. आम्ही ऑफिसात धावलो. खिडकीतल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "सिस्टिम क्लोज ऑलरेडी. कॅनॉट." आम्ही संयुक्त निवेदन द्यायचं ठरवलं. त्याच्या मजकुरावर चार दिवस वाटाघाटी झाल्या. 'खेद' म्हणायचं की 'तीव्र खेद', यावर चीन आणि कंबोडियाचं जमेना. तेरा आठवड्यांत पहिल्यांदाच अकरा देशांनी एका कागदावर सह्या केल्या, तोवर सरांच्या जागी दुसऱ्या कुणाची नेमणूक झालेली होती.

मी एकटी सरांना भेटायला गेले. रिकाम्या वर्गात ते खुर्च्या नकाशातून काढून पुन्हा रांगेत लावत होते. मला पाहून हसले. "काय नमुनेदार झालं बघा! तेरा आठवडे शिकवून कुणाला पटत नाही, ते तुम्ही दोन आठवड्यांत सिद्ध करून दाखवलंत. पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत." मीही हसायला गेले. मग त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि हलकेच विचारलं, "लाओसनेही नाही भरला?"

मी नाही म्हणाले.  इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सर, तुम्ही रागवा तरी माझ्यावर."

"मी कोण रागावणार?" त्यांनी बोट वर केलं, पण या वेळी त्यांना पुढचं म्हणवलं नाही. खुर्ची उचलून ते रांग सरळ करायला लागले.

काकूंनी मात्र मला सोडलं नाही. सामान बांधायला मदत करायला गेले तर दारातच म्हणाल्या, "या. सगळेच फार हुशार गं तुम्ही." मग दिवसभर माझ्याकडून भांडी कागदात गुंडाळून घेतली आणि संध्याकाळी पोटभर जेवायलाही घातलं. कुंड्या सगळ्या शेजारच्या मावशींकडे गेल्या. कढीपत्ता उचलताना मावशी डोळे पुसत होत्या आणि सर त्यांना त्याला पाणी किती घालायचं ते खुणांनी सांगत होते.

रविवारी सकाळी विमानतळावर मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन पोचले. दुसरं कुणी येणार नाही, निदान आपण तरी जावं, असं मनाशी ठरवून. पाहते तर कॅप्टन उभे, हातात करी पफचा खोका. व्हिएतनामबाई केळ्याचे वेफर्स घेऊन. चीन, ब्रह्मदेश, कंबोडिया, एकूण एक देश हजर, आणि प्रत्येकाकडे खायचा खोका, कारण प्रत्येकाला वाटलेलं की दुसरं कुणी काही आणणार नाही. इंजिनिअर तर दोन आणून बसला होता. काकू खोक्यांचा तो ढिगारा बघत राहिल्या. "आता हे काय विमानात भरायचं की काय? एवढी अक्कल दोन आठवडे आधी कुठे गेली होती?"

 सरांनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, रबर काढून झाकण उघडलं आणि आमच्यापुढे धरला. एकेकाने आपली चिठ्ठी परत टाकली. इंजिनिअरने कोरी टाकली तेव्हा सरांनी त्याच्या दंडावर थोपटलं. माझी पाळी आली. मी लाओस डब्यात टाकणार तोच त्यांनी माझा हात धरला, चिठ्ठी उलटी केली आणि खिशातलं पेन पुढे केलं.

"मागची बाजू कोरी आहे. दहावा प्रश्न."

विमानाची घोषणा झाली होती. मी कॅप्टनच्या खोक्यावर चिठ्ठी ठेवून उभी राहिले. दोन आठवड्यांत सुचलं नव्हतं ते दोन मिनिटांत कुठून सुचणार? सगळे देश माझ्याकडे बघत होते. शेवटी मी लिहिलं, 'शिकवणं चांगलं होतं', आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

सरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग ती डब्यात न टाकता घडी करून स्वेटरच्या आत, सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"पुरे की," ते म्हणाले. "एवढंच हवं होतं."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचायचा प्रयत्न केला होता, आणि त्यांना तेवढ्यात वाचताही आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि चालता चालता म्हणाल्या, "एवढंच? अगं, हे तर मी त्या दिवशी पोह्यांच्या बशीवरसुद्धा लिहून घेतलं असतं तुझ्याकडून."